गोचिड्या काढल्या तरी तीन-चार आठवड्यांनी परत येतात? कुत्र्याबरोबर घराचंही औषध करा

कुत्रा पाळणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार अगदी शब्दशः सारखी असते. आंघोळ घातली, औषध लावलं, चिमट्याने एकेक गोचीड काढली, दोन-तीन आठवडे छान गेले आणि मग एके सकाळी परत कानात दोन, पंजाच्या बोटांमध्ये तीन आणि एक चक्क पडद्यावर चढताना दिसली. मग शाम्पू बदलतात, औषध बदलतात, डॉक्टर बदलतात, महिन्याभरात परत तेच सुरू होतं आणि शेवटी घरातलं कोणीतरी म्हणतं की कुत्राच नको आता. तिथपर्यंत जायची अजिबात गरज नाही. हा त्रास हमखास संपतो, पण त्याला वेळ लागतो आणि थोडी शिस्त लागते, आणि त्याआधी ही गोचीड राहते कुठे ते नीट समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यावर जी तपकिरी गोचीड सापडते तिचं सगळं आयुष्य घराच्या आतच पूर्ण होऊ शकतं. तिला जंगल लागत नाही, गवत लागत नाही, एक कुत्रा आणि भिंतीतल्या चार भेगा एवढं पुरतं. अंड्यातून जे पिल्लू निघतं ते जेमतेम डोळ्याला दिसतं, त्याला सहा पाय असतात, ते कुत्र्यावर चढून तीन ते सात दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. कुठल्यातरी फटीत बसून कात टाकतं, आठ पायांचं होतं, परत कुत्र्यावर चढतं, परत पितं, परत पडतं, परत फटीत कात टाकतं, मग मोठी गोचीड होऊन तिसऱ्यांदा चढते. मादी आठवडाभर किंवा जास्तही रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टपोरी राखाडी झाली की गळून पडते, रांगत एखादी फट गाठते आणि तिथे हजारो अंडी घालून मरते. एकेका मादीची चार-पाच हजारांपर्यंतसुद्धा अंडी असू शकतात. म्हणजे कोणत्याही एका दिवशी बघितलंत तर कुत्र्याच्या अंगावर त्यांच्यातल्या अगदी थोड्याच असतात, बाकी सगळ्या सोफ्याखाली, दाराच्या चौकटीमागे, स्कर्टिंगच्या फटीत बसलेल्या असतात. आपण मात्र सगळी मेहनत कुत्र्यावर घेतो.

तीन-चार आठवड्यांचं गणितही यातच आहे. अंडी फुटायला साधारण दोन ते पाच आठवडे लागतात, कात टाकायला एक-दोन आठवडे, कधी जास्त. तुम्ही काल अंगावरच्या सगळ्या मारल्यात तरी भेगेतली तुकडी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बाहेर येणारच. उकाडा असेल तर हे सगळं भराभर होतं, दोन-अडीच महिन्यांत अंड्यापासून अंड्यापर्यंत फेरा पूर्ण. मुंबई-ठाणे-कोकणात तर थंडी अशी पडतच नाही की त्या थांबतील, आणि पुणे-नाशिकच्या थंडीतसुद्धा घराच्या आत त्यांचं बरं चाललेलं असतं. त्यामुळे 'पावसाळा संपला की जातील' यावर विसंबू नका.

आता आधी निदान. औषध बदलायच्या आधी दोन-तीन दिवस फक्त काय सापडतंय ते बघा आणि काढलेल्या गोचिड्या स्पिरिटच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या झाकणाच्या बाटलीत टाकून ठेवा. सगळ्या आकारांच्या सापडत असतील, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, मधल्या आणि टपोऱ्या पण, तर त्या तुमच्या घरातच वाढतायत, त्यात शंका घेऊ नका. फिरून आल्यावर एखाददुसरी मोठी चपटी गोचीड आणि बाकी काही नाही, असं असेल तर ती बाहेरून येतेय आणि घर अजून वाचलेलं आहे, मग काम सोपं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टपोरी भरलेली सापडते की चपटी मेलेली. कुत्र्याला गोचिडीची गोळी दिलेली असताना अंगावर चपट्या, सुकलेल्या, मेलेल्या सापडल्या तर औषध काम करतंय, कारण गोळीचं औषध रक्तात असतं आणि गोचीड चावल्याशिवाय ते तिच्या पोटात जात नाही. लोक हे बघून म्हणतात गोळी फेल गेली, पण तसं नाहीये. गोळी देऊन आठवडा झाला आणि तरी टपोऱ्या जिवंत सापडतायत, तेव्हा मात्र काहीतरी बिनसलंय.

आणि हो, ओढायच्या आधी ती गोचीडच आहे ना ते टॉर्च लावून बघा. पोटावरची स्तनाग्रं नर कुत्र्यालाही असतात आणि ती गोचीड समजून चिमट्याने ओढणारे लोक खरंच असतात, कुत्रा कळवळतो बिचारा. मस किंवा चामखीळ असेल तरी तेच. केस बाजूला केल्यावर कातडीपाशी पाय दिसले तर गोचीड.

कुत्र्यावरचं औषध बिनसतं ते बहुतेक याच कारणांनी. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे शाम्पू. गोचिडीचा शाम्पू त्या क्षणी अंगावर असलेल्यांना मारतो, अंग कोरडं झालं की त्याचं काम संपलं, तो उद्या चढणाऱ्यांना काही करत नाही. वर दर चार दिवसांनी शाम्पू लावणारे लोक मानेवर सोडलेलं औषधही धुवून टाकतात. ते स्पॉट-ऑन औषध, फिप्रोनिलचं वगैरे, कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून ते लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. आणि ते केसांवर नाही, केस दुभागून कातडीवर सोडायचं, दाट केसांच्या लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डला अर्धं औषध केसांवरच वाळून जातं आणि पैसे फुकट. दुसरं कारण वजन. पिल्लू असताना जी गोळी चालायची ती तसंच चालू ठेवतात आणि कुत्रा तोवर दुप्पट झालेला असतो. मोठ्या कुत्र्याची एक गोळी आणून दोन छोट्यांना अर्धी अर्धी देणं हेही सर्रास चालतं, पैसे वाचावेत म्हणून, मी समजू शकतो कारण या गोळ्या स्वस्त नाहीत, पण गोळीत औषध दोन्ही अर्ध्यांत सारखं वाटलेलं असेलच असं नाही, एकाला कमी आणि एकाला जास्त जातं. तिसरं, काही गोळ्या भरल्या पोटीच द्यायच्या असतात, फ्लुरालेनर त्यातली एक, रिकाम्या पोटी दिली तर अंगात कमी उतरते. गोळी दिल्यावर कुत्रा कोपऱ्यात जाऊन ओकलाय का तेही दोन-तीन तास बघा. चौथं म्हणजे तारीख. अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर महिन्याची, फ्लुरालेनर साधारण तीन महिन्यांची, आणि 'आता दिसत नाहीयेत, पुढच्या महिन्यात बघू' म्हणून जो खंड पडतो नेमका त्यातच भेगेतल्या बाहेर येतात. मोबाइलवर रिमाइंडर लावा. आणि घरात दोन कुत्रे असतील तर दोघांना एकाच दिवशी, एकावर गोचिड्या दिसत नसल्या तरी.

या गोळ्या एकंदरीत सुरक्षित आहेत आणि माझ्या मते घरात गोचिड्यांचा सुळसुळाट झाला असेल तर शाम्पू-पावडरीत वेळ घालवण्यापेक्षा सरळ गोळीवर यावं. पण ज्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आलीये त्याच्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात असा इशारा दिलेला आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांच्यासाठी आपल्या मनाने काहीही आणू नका. लहान पिल्लांच्या गोचिड्या बारीक दातांच्या फणीने आणि हाताने काढणं हेच सगळ्यात बरं, आणि त्यांची गोधडी रोज बदलायची. खूप गोचिड्या असलेलं पिल्लू नुसत्या रक्त कमी होण्याने जाऊ शकतं, म्हणून हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

काढायची पद्धत एकच. बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी लागून गोचीड धरायची, सरळ वर सावकाश एकसारख्या जोराने ओढायची, पिळायची नाही, पोट दाबायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही. चटक्याने किंवा तेलाने ती सुटण्याआधी जखमेत अजून लाळ सोडू शकते आणि तीच आपल्याला नकोय. बोटांनी चिरडू नका, आपल्या हाताला जखम असेल तर तो धोका आपल्याला. काढल्यावर तिथे बारीक गाठ राहते, ती काही दिवसांनी जाते, तोंड आत राहिलं म्हणून सुईने उकरत बसू नका. कान आतून, कानाच्या मागे, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, पापणीच्या कडेला आणि बोटांच्या मधे, एवढ्या जागा रोज बोटांनी चाचपायच्या, काळ्या केसांच्या कुत्र्यावर डोळ्यांपेक्षा बोटं जास्त पकडतात. काढलेल्या गोचिड्या खिडकीतून खाली टाकू नका. खाली कोणाचातरी कुत्रा झोपलेला असतो.

आता घर, आणि खरं काम इथेच आहे. ही गोचीड उडी मारत नाही, उडत नाही, फक्त चालते, आणि तिला वर चढायची सवय आहे. म्हणून लोक फरशी पुसत बसतात आणि त्या असतात पडद्याच्या वरच्या शिवणीत, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, फोटोच्या फ्रेममागे, स्विचबोर्डच्या कडेला, वायरच्या पट्टीत, दाराच्या चौकटीला तडा गेलाय तिथे, खिडकीच्या ग्रिलच्या कोपऱ्यात, दिवाणाच्या खालच्या फळीला. सोफा उलटा करा एकदा, खालचं जे काळं कापड असतं ते बघा, कुत्रा रोज जिथे लोळतो त्या जागेपासून दोन-तीन मीटरच्या आत तुम्हाला त्यांचं मुख्य ठिकाण सापडेल बहुतेक. रात्री टॉर्च घेऊन भिंतीची वरची कड बघितली तर अजून लवकर सापडतं. जुन्या वाड्यात, चाळीत, किंवा शेतातल्या घरात दगडी भिंतीच्या सांध्यात असतात, कुत्र्याचं विटांचं घर असेल तर त्याच्या प्रत्येक सांध्यात.

पहिलं काम व्हॅक्यूम, तेही टोकदार नळी लावून फटींत, शिवणींत, गादीच्या कडेने, आणि काम झालं की आतली पिशवी किंवा डबा लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकामा करून गच्च बांधून कचऱ्यात, नाहीतर त्या चालत परत येतात. व्हॅक्यूम नसेल तर रुंद चिकटपट्टी, भिंतीवरून फिरवायची आणि घडी घालून टाकायची, बारीक पिल्लांच्या झुंडीला हे भारी चालतं कारण अंडी फुटल्यावर शेकडो पिल्लं एकाच जागी भिंतीवर चालताना दिसतात. कुत्र्याची गादी, चादर, गळपट्टा, कापडी पट्टा, हार्नेस गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, आणि वाळवायचं कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर. धुता न येणारी जुनी स्पंजची गादी असेल तर फेकाच, तिच्यावर जीव अडकवू नका, कुत्र्याला काही महिने दुमडलेली सुती चादर दिली तरी तो आनंदाने झोपतो आणि ती दर दोन-तीन दिवसांनी धुता येते. विटांच्या घरात किंवा अंगणातल्या कोब्यावर उकळतं पाणी फटीफटीत ओतायचं. गावाकडे गॅसच्या ज्योतीने भिंतीचे सांधे भाजून काढतात, दगड-विटांना ते चालतं, पण लाकूड, वायर, गवत, पेंढा जवळ असेल तर नको, आणि लहान मुलं बाजूला ठेवून.

दुसरं काम जे जवळजवळ कोणीच करत नाही आणि ज्याचा फरक सगळ्यात जास्त काळ टिकतो ते म्हणजे फटी बुजवणं. स्कर्टिंग आणि भिंतीमधली फट, चौकटीच्या कडेची फट, टाइल्सचे उखडलेले सांधे, व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉन भरून बंद करा. एका रविवारी होतं. अंडी घालायला आणि कात टाकायला जागाच कमी झाली की फवारणी जेमतेम केली तरी पुरते, आणि फवारणी भारीतली केली पण फटी तशाच राहिल्या तर दोन महिन्यांत तुम्ही परत तिथेच.

तिसरं फवारणी. इथे बरेच लोक फसतात, कारण पेस्ट कंट्रोल म्हणून जे करून घेतात ते झुरळांचं जेल असतं. जेल खाऊन झुरळ मरतं, गोचीड रक्ताशिवाय काही खातच नाही, तिला त्या जेलचा काडीचाही उपयोग नाही. गोचिडीसाठी फटींमधे, भिंतीच्या कडांना आणि वरच्या कोपऱ्यांना औषध फवारावं लागतं, तेव्हा बोलावतानाच स्पष्ट सांगा की गोचिड्या आहेत आणि औषधाचं नाव लिहून मागा. बहुतेक वेळा ते पायरेथ्रॉइड गटातलं असतं, डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन. कुत्रा, मांजर, पक्षी घराबाहेर, औषध पूर्ण वाळून घर मोकळ्या हवेने निघेपर्यंत आत आणायचे नाहीत. मांजरांना ही औषधं फार बाधतात आणि माशांना तर त्याहून जास्त, फिश टँक असेल तर नीट झाकायचा आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद. नंतर निदान दोन आठवडे भिंतीच्या कडा सोडून मधली फरशीच पुसा, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी फिनेलने घर धुवून काढायची हौस असते आणि त्यात सगळं औषध गटारात जातं. अंड्यांवर फवारणीचा फारसा भरवसा नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी घ्यायचीच, आणि उपद्रव जास्त असेल तर तिसरी. पहिल्या फेरीलाच दोन फेऱ्यांचे पैसे ठरवून टाका म्हणजे दुसरी टळत नाही. आणि हे सगळं, म्हणजे कुत्र्याची गोळी, धुणं, व्हॅक्यूम, फवारणी, एकाच आठवड्यात झालं पाहिजे. आज गोळी आणि पुढच्या महिन्यात फवारणी असं तुकड्या-तुकड्याने केलं की गोचिड्यांना एक बाजू कायम मोकळी मिळते.

घरगुती उपायांबद्दल कळकळीने सांगतो. सीताफळाच्या बियांची पूड गावाकडे उवांसाठी आणि गोचिड्यांसाठी वापरतात, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम करते, भयंकर आग होते, आणि कुत्रा अंग झटकणार आणि पंजाने तोंड पुसणार म्हणजे डोळ्यात जाणारच. तंबाखूचं पाणी लावू नका, निकोटिन कातडीतून आणि चाटून दोन्हीकडून अंगात जातं. डांबरगोळ्या गादीखाली ठेवू नका, कुत्र्याने एक चघळली तरी विषबाधा होऊ शकते. कापूर, टी ट्री तेल, फिनेलचं पाणी, रॉकेल हेही अंगावर नको. हळद आणि कडुनिंबाचा पाला घालून आंघोळ घातलीत तर अपाय नाही, पण त्याने घरभर झालेल्या गोचिड्या जात नाहीत, आणि त्या नादात दोन महिने गेले की टपोऱ्या माद्यांनी भेगा भरून टाकलेल्या असतात. गुरांवर फवारायचं औषध दुकानातून आणून अंदाजाने पाण्यात टाकून कुत्र्याला चोळणं हा तर जीवघेणा प्रकार आहे, दरवर्षी कुत्रे यातून थरथरत, लाळ गाळत दवाखान्यात येतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पण आपल्या मनाने किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमधे एक जनुकीय दोष असतो त्यामुळे ते औषध जास्त मात्रेत त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव जाऊ शकतो. मिश्र जातीच्या कुत्र्यात हे रक्त आहे की नाही तुम्हाला बघून कळणार नाही.

मग किती दिवस धरून चालायचं, तर तीन ते चार महिने. पहिल्या पंधरा दिवसांत उलट जास्त दिसतील असं वाटतं, कारण आता तुम्ही शोधताय आणि फवारणीने त्या फटींतून बाहेर पडतायत. साधारण दुसऱ्या महिन्यात टपोऱ्या दिसणं बंद व्हायला हवं, मग मधल्या आकाराच्या कमी होतात, बारीक एखादी झुंड मधेच दिसेल जुन्या अंड्यांतली, ती चिकटपट्टीने संपवा आणि घाबरू नका. टपोरी मादी घरात पडत नाहीये तोवर नवीन अंडी नाहीत, हे एकच माप धरा. दिसायच्या बंद झाल्या त्या दिवसापासून पुढे निदान दोन महिने गोळी चालू ठेवा. मी तर म्हणेन आपल्या हवेत बारा महिने चालू ठेवा.

आणि या काळात कुत्र्याला गावी पाठवून देऊ नका. लोकांना वाटतं कुत्रा नसला की गोचिड्या उपाशी मरतील. मोठी गोचीड काही न खाता वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकते. कुत्रा नसेल तर त्या भेगेत वाट बघत बसतात किंवा माणसाला चावायला बघतात, आणि कुत्रा परत आला की पहिल्या आठवड्यात सगळं परत सुरू. गोळी दिलेला कुत्रा घरात असणं हीच खरं तर सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, कारण भुकेल्या गोचिड्या त्याच्यावर येतात आणि मरतात. त्याला बाल्कनीत बांधून ठेवायची पण गरज नाही, नेहमी जिथे झोपतो तिथेच झोपू द्या.

टिक फीव्हर, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा ताप, परत परत होतो ही याच समस्येची दुसरी बाजू. कुत्रा जेवत नाही, मलूल पडलाय, अंग तापलंय, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, लघवी गडद कॉफीसारखी, पोटावर लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासायला त्याच दिवशी जा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे कान गरम लागले म्हणजे ताप असं नाही, थर्मामीटर लावा. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक काहीही देऊ नका, प्लेटलेट्स आधीच पडलेल्या असतात आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताप परत येण्याचं एक कारण औषध अर्धवट सोडणं, एर्लिकिया या टिक फीव्हरच्या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात आणि कुत्रा चौथ्या दिवशीच उड्या मारायला लागतो म्हणून लोक बंद करतात. ती गोळी जेवणाबरोबर द्यायची आणि वर पाणी पाजायचं, घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते, आणि त्या वेळी दूध-दही-पनीर नको, औषध नीट शोषलं जात नाही. दुसरं कारण जास्त निसटतं, ते म्हणजे बबेसिया. हा वेगळा जंतू आहे, डॉक्सिसायक्लिन एकट्याने जात नाही, त्यातही बबेसिया गिब्सोनी असेल तर औषधांची वेगळी जोडी लागते. म्हणून प्लेटलेट्स कमी म्हणजे डॉक्सी चालू एवढ्यावर थांबू नका, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या, आणि दुसऱ्यांदा ताप आला तर पीसीआर, म्हणजे जंतू नेमका ओळखणारी चाचणी, करून नेमकं नाव मिळवा. एकदा होऊन गेला म्हणून परत होत नाही असंही नाही. एर्लिकिया तर गोचीड चावल्यापासून काही तासांत अंगात जाऊ शकतो, गोळीने गोचीड मरेपर्यंत कधीकधी तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणूनच घरातल्या गोचिड्या संपवण्याला पर्याय नाही. वारंवार टिक फीव्हर होणाऱ्या कुत्र्याला गोचीड चावण्याआधीच दूर ठेवणारा गळपट्टा, फ्लुमेथ्रिनवाला, गोळीच्या जोडीला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. पर्मेथ्रिनचं औषध लावत असाल आणि घरात मांजर असेल तर मात्र थांबा, मांजराला ते विष आहे, कुत्र्याला चिकटून झोपलं तरी बाधू शकतं.

तुम्ही सगळं बरोबर करताय आणि तरी येतायत, तर शेजारी बघा. त्याच मजल्यावरचा दुसरा कुत्रा, वॉचमनच्या केबिनजवळ झोपणारा, पार्किंगमधल्या गाड्यांखालचे. ज्या कुटुंबांचे कुत्रे एकच जिना वापरतात त्यांनी एकाच आठवड्यात औषध केलं तर खर्च वाटला जातो आणि जिन्याच्या कडांची फवारणी सोसायटीकडून करून घेता येते. हे बोलताना दुसऱ्याच्या कुत्र्यामुळे आमच्याकडे आल्या असा सूर लावू नका, कोणाकडून आल्या हे कोणालाच सांगता येत नाही आणि भांडणात दोन महिने जातात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना हाकलून काही होत नाही, जागा रिकामी झाली की दुसरे येतात आणि त्यांच्या अंगावर औषध नसतं. त्यापेक्षा त्यांना रोज खायला घालणाऱ्या ताई-दादांना गाठा, त्यांना प्रत्येक कुत्र्याचं अंदाजे वजन, कोण गाभण, कोण आजारी हे माहीत असतं, डॉक्टरांना विचारून चिकनच्या तुकड्यातून गोळी देता येते, आणि सोसायटीने त्याचे पैसे दिले तर ते फवारणीच्या बिलापेक्षा सत्कारणी लागतात. बोर्डिंगला किंवा ग्रूमरकडे नेताना आमच्याकडे सध्या गोचिड्या आहेत असं आधी सांगा, लपवू नका, तिथून त्या आणखी घरांत जातात.

गावाकडे गोठा जवळ असेल तर लोक गुरांवरच्या गोचिड्यांना दोष देतात. गुरांवर जी मुख्यतः असते ती वेगळी जात, ती बहुधा एकाच जनावरावर आपलं सगळं आयुष्य काढते आणि कुत्र्याच्या घरातल्या उपद्रवाचं कारण सहसा ती नसते. गोठ्याचं औषध करायचं ते करा, पण कुत्र्याची झोपायची जागा वेगळी तपासा.

माणसांना ही तपकिरी गोचीड कमी चावते, पण घरात फार झाल्या की चावते, आणि हिच्यामुळे माणसाला टिक टायफस नावाचा ताप येऊ शकतो. घरात गोचिड्या आहेत आणि कोणाला ताप, डोकेदुखी आणि अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचिड्यांचं आवर्जून सांगा, नाहीतर ते डेंग्यू-मलेरियाच्याच चाचण्या करत राहतील. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत जो माकडताप येतो तो मात्र जंगलातल्या वेगळ्या गोचिडीमुळे, तपकिरी गोचिडीमुळे नाही. त्या भागात राहत असाल आणि कुत्रा काजूच्या बागेत, रानात हिंडून येत असेल तर घरात घ्यायच्या आधी दारातच त्याला पूर्ण चाचपा, स्वतःचे पाय आणि कपडे पण बघा, आणि जवळपास माकड मेलेलं दिसलं तर त्याच्या आसपास कुत्र्याला सोडू नका, लगेच आरोग्य केंद्रात कळवा.